दुसरा मजला, लिफ्ट नाही

मुंबईत प्रत्येक वस्तूला तिची गल्ली आहे. विजेचं सामान लोहार चाळीत, कापड मंगलदास मार्केटात, नट-बोल्ट आणि हत्यारं नागदेवीला. नवखा माणूसही दोन पानवाल्यांना विचारत बरोबर गल्लीच्या तोंडाशी पोचतो आणि आत शिरला की चार दुकानांत भाव काढून पाचव्यात खरेदी करतो. कड्यावर चढायच्या सामानाला मात्र या शहराने गल्ली दिलेली नाही. तसा हौशी लोकांचा तोटा दिसत नाही. शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल बघावी : रॅकवर सॅक, पायाशी सॅक, मांडीवर सॅक. कान्हेरीचे कातळ शहराच्या पोटात आहेत, मुंब्र्याचा डोंगर गाडीच्या खिडकीतून दिसतो, हार्बरने बेलापूरला उतरलं की चढायला दगड आहेत. एवढं असून बाजारात कुणाला विचारावं, चांगला दोर कुठे मिळेल, तर समोरचा म्हणतो, "कपडे वाळत घालायला का?"

दोर मिळत नाही असं मुळीच नाही. मशीद बंदर-नागदेवीच्या पट्ट्यात हवा तितका मिळतो. काथ्याचा, मनिलाचा, पॉलिप्रॉपिलीनचा निळा-पिवळा, नायलॉनचा तीन पिळांचा, बोटाएवढा, मनगटाएवढा. तो किलोवर विकतात, याची मला अजून गंमत वाटते. काट्यावर वेटोळं पडतं, दुकानदार कॅल्क्युलेटर दाबतो, आणि तुम्ही त्याला काय बांधणार याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. गलबत, ट्रक, मांडव, म्हैस, काहीही बांधा. बंदराचं शहर म्हटल्यावर हा धंदा असणारच. लंडनमध्ये तर गिर्यारोहणाचा दोर अशाच दुकानातून आला. जॉन बकिंगहॅम हा तिथला दोरवाला. एकोणिसाव्या शतकात आल्पाइन क्लबसाठी तो मनिलाचा दोर वळून देत असे आणि खूण म्हणून त्यात एक लाल धागा घालत असे. गिऱ्हाइकाने धागा बघायचा, बाकी भरवसा बकिंगहॅमवर.

भरवसा कशाला लागतो ते मॅटरहॉर्नने दाखवलं. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे साथीदार त्या शिखरावर पहिल्यांदा पोचले, आणि उतरताना सातांपैकी चौघं घसरून गेले. त्यांच्याजवळ तीन प्रकारचे दोर होते. आल्पाइन क्लबने पसंत केलेला मनिला, त्याहून दणकट असा दुसरा, आणि तिसरा बारीक, जुना, हलक्या प्रतीचा. तुटला तो तिसरा. व्हिंपरला हे कळलं ते तुटलेला दोर हातात घेऊन बघितल्यावर. त्या दोराचा तुकडा आजही झेरमॅटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. चांगला दोर सॅकमध्ये असताना वाईट दोर कमरेला का आला, यावर गेली दीडशे वर्षं लोक लिहीत आलेत. मला त्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची वाटते : वापरणाऱ्याला दोन दोर सारखेच दिसू शकतात.

आज तर ते आणखी सारखे दिसतात. १९५३ साली एडेलरिड या जर्मन कंपनीने आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं वेष्टन असा दोर काढला, आणि हळूहळू जगभर तोच चालू झाला. (पुढच्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' आणि दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे आपलं संघटित गिर्यारोहण आणि हा दोर जवळजवळ एका वयाचे.) या दोराची दोन घराणी आहेत. एक डायनॅमिक, म्हणजे झटका बसला की ताणला जाणारा. दुसरा स्टॅटिक, जवळपास न ताणला जाणारा. लीड करणारा, म्हणजे सगळ्यांत पुढे चढणारा माणूस शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर असताना सुटला तर निदान सहा मीटर खाली येतो. त्या वेळी दोर ताणला गेला तरच झटका अंगाला सोसतो. म्हणून डायनॅमिक दोराची चाचणी फार कडक असते. ऐंशी किलोचं वजन दोरावर पुन्हा पुन्हा पाडतात. एकेरी दोराने असे निदान पाच झटके न तुटता झेलायला हवेत, आणि पहिल्या झटक्याचा जोर बारा किलोन्यूटनच्या, म्हणजे ढोबळमानाने बाराशे किलोच्या वर जाता कामा नये. स्टॅटिक दोराला ही परीक्षाच नाही. तो उतरायला, ओझं ओढायला, जुमार लावून चढायला. तो लीडला बांधला तर दोर तुटणार नाही कदाचित, माणूस तुटेल.

आता या दोन्ही दोरांचे तुकडे टेबलावर शेजारी ठेवा. दोन्ही दहा-अकरा मिलिमीटरचे, दोन्ही गुळगुळीत, दोन्ही नवेकोरे. सरावलेला हात ओळखतो. पहिली खरेदी करणारा ओळखत नाही. ओळखणारा कुणीतरी टेबलाच्या पलीकडे बसलेला असावा लागतो.

असा माणूस या शहरात शोधायला इतके कष्ट का पडावेत, याचं उत्तर आपल्या संस्थांच्या कपाटात आहे. आपल्याकडे सामान माणसाचं नसायचं, संस्थेचं असायचं. कुणाच्या तरी घरी माळ्यावर किंवा चाळीतल्या एखाद्या खोलीत एक लोखंडी कपाट. त्यात दोर, कॅराबिनरची माळ, फिगर ऑफ एट, हेल्मेटं, आणि एक वही. वहीत कोण काय घेऊन गेला, परत आणताना काय म्हणाला. "दोर दगडाला घासला, तिसऱ्या मीटरपाशी बघणे." उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून किंवा दार्जिलिंगहून कोर्स करून आलेल्याला सामानाची चटक लागायची, पण विकत घेण्याचा प्रश्न नव्हता, परवडत नव्हतं आणि मिळतही नव्हतं. कातळात ठोकायचे पिटॉन इकडेच लोहाराकडून घडवून घ्यायचे. बाकीचं परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर मोहिमेच्या वाटेवर काठमांडूला थमेलच्या गल्लीतून. थमेलला मोहिमांचं उरलेलं अस्सल सामान आणि त्याच शिक्क्याची हुबेहूब नक्कल एकाच हँगरला टांगलेली असते. जॅकेट नकली निघालं तर थंडी वाजेल एवढंच, पण हार्नेसची गोष्ट वेगळी.

तर संस्था वर्षाकाठी एखादा दोर घेणार, आणि माणसं संस्थेचा वापरणार. एवढ्यावर कुणी दुकानाचं भाडं भरेल कसं? अलीकडे चित्र थोडं बदललं. शहरात चढाईच्या कृत्रिम भिंती आल्या, टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंग आलं, पोरं सुट्टी काढून बदामीला जायला लागली. भिंतीवर दोर तिथला मिळतो, पण बूट स्वतःचे लागतात. गिऱ्हाईक तयार झालं ते पायाकडून.

मी ज्या दुकानात जातो ते दादरच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली पाटी आहे, पण तिच्यावर 'सेफ्टी इक्विपमेंट' एवढंच लिहिलंय, कारण दुकान चालतं ते काचा पुसणाऱ्यांवर. लोअर परळपासून वांद्र्यापर्यंत जे काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांच्या काचा धुवायला माणसं वरून दोरावर उतरतात. पवनचक्क्यांवर काम करणारे, मोबाइलच्या टॉवरवर चढणारे, सिनेमातल्या मारामाऱ्यांचे लोक, सगळ्यांना दोर आणि हार्नेस लागतात. आमच्यासारख्यांना जे मिळतं ते या लोकांच्या जिवावर. स्टॅटिक दोराची दोनशे मीटरची रिळं दारातच रचलेली. डायनॅमिक आतल्या कपाटात, बंद पिशव्यांमध्ये, उन्हापासून दूर. दुकानाचा मालक पूर्वी स्वतः सुळके चढायचा. पोरं त्याला काका म्हणतात, आणि काका दुकानदार म्हणून जरा विचित्र आहेत.

पहिली गोष्ट, ते भाव शेवटी सांगतात. आधी उलटतपासणी. कुठे जाणार? लीड कोण करणार? बिले करायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, कुणाकडून शिकलास? एकदा माझ्यासमोर एक मुलगा आला, इंजिनियरिंगचा असावा. त्याला फ्रेंड्स हवे होते, पूर्ण सेट. फ्रेंड्स म्हणजे कातळाच्या भेगेत बसवायचं ते स्प्रिंगचं, पाकळ्या उघडमिट होणारं यंत्र. रे जार्डिन या अमेरिकन माणसाने काढलेलं आणि १९७८मध्ये बाजारात आलेलं. व्हिडिओत योसेमिटीच्या ग्रॅनाइटवर ते बघून पोरांचे डोळे फिरतात, आणि फिरावेतच, वस्तू आहेच तशी. काकांनी विचारलं, "लावणार कुठे?"

"सह्याद्रीत. लिंगाणा, तैलबैला..."

"अरे, आपला दगड बसाल्ट. थरांचा. बाहेरून भेग दिसते, आत पोकळ. फ्रेंड पकडतो ते दगडाच्या जिवावर, आणि इथे दगडच हातात येतो. काही ठिकाणी बसतील, नाही असं नाही. पण ती ठिकाणं ओळखता यायला आधी चार-पाच वर्षं कुणाच्या तरी मागे सेकंड म्हणून जा."

"मग आत्ता काय घेऊ?"

"हेल्मेट आहे?"

हेल्मेट नव्हतं. मुलगा हेल्मेट घेऊन गेला आणि तेही जरा नाखुशीनेच, कारण हेल्मेटचा फोटो चांगला येत नाही. त्या बिलात आणि पूर्ण सेटच्या बिलात जो फरक होता, तेवढ्यात दुकानाच्या महिन्याच्या भाड्याचा चांगला भाग निघाला असता. मी तसं म्हटलंही. काकांनी खांदे उडवले आणि चहा मागवला.

कॅराबिनर निवडताना त्यांना बघावं. साधी हातात मावणारी कडी ती, पण तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत सगळी कुंडली कोरलेली असते. आडवा बाण, त्यापुढे २४ : लांबीच्या दिशेने चोवीस किलोन्यूटन. उभा बाण, ८ : आडवी पडली तर फक्त आठ. मग उघड्या दाराची खूण, ७ : दार उघडं राहिलं तर सात. म्हणजे तीच कडी, दोर कसा बसला यावर तिची ताकद तिपटीने कमी होते. त्याच्यापुढे सीईची खूण आणि चार आकडे. ते आकडे तपासणाऱ्या संस्थेचे. हार्डवेअरच्या दुकानातही अशाच दिसणाऱ्या चकचकीत कड्या मिळतात, किल्ल्या अडकवायच्या. काही प्रामाणिक कंपन्या त्यांच्यावर चढाईसाठी नाही असं छापतात. काका नवीन माणसाला दोन्ही कड्या हातात देतात आणि काहीच बोलत नाहीत. तो उलटसुलट करून बघतो. कोरीव आकड्यांवर अंगठा फिरला की मान वर करतो. मग बोलणं सुरू होतं.

दोराची पिशवी उघडली की ते आधी टोकाची पट्टी बघतात. जाडी, लांबी, प्रमाणाचा आकडा, आणि काही दोरांच्या गाभ्यात उत्पादनाचं वर्ष सांगणारी बारीक पट्टीही असते. नायलॉन नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात, मग एकदाही वापरला नसला तरी. स्वस्तात 'न वापरलेला' दोर मिळतोय म्हणून उड्या मारणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जुना दोर तपासायला आणला तर काका तो टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवतात. साठ मीटर. घाई नाही. दर वीतभर अंतरावर दोर दुमडून चिमटीत धरतात. निरोगी दोर दुमडला की छोटं गोल कडं होतं, मध्ये जागा राहते. गाभा दुखावलेला असेल तिथे दोर मऊ पडतो, दोन्ही बाजू चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात. वेष्टनावर ओरखडासुद्धा नसतो. मी स्वतः ती जागा बोटांनी पाहिलीय. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. "जीपमध्ये बॅटरीशेजारी ठेवला होतास का?" त्यांनी दोराच्या मालकाला विचारलं होतं. आम्ल सांडलेल्या जागेवर ठेवलेला दोर आतून मरतो. आमच्या मोहिमा जीपमधून जातात, आणि मागच्या डिकीत काय कशाशेजारी पडतं हे बघायला कुणाला वेळ असतो?

बुटांचं प्रकरण निराळं. तिथे काकांचा आवाज मऊ होतो, कारण तिथे जीव जात नाही, फक्त पैसे जातात. चढाईचा बूट घट्ट हवा, बोटं किंचित वाकावीत पण दुमडू नयेत. आपले पाय चपलेत वाढलेले, पुढे पसरट. युरोपातल्या साच्यावर बेतलेल्या बुटात ते गेले की करंगळी आधी ओरडते. म्हणून दुकानाच्या आतल्या खोलीत, दाराच्या चौकटीशेजारी, भिंतीवर तीन-चार होल्ड ठोकलेत. बूट घाला, होल्डवर उभे राहा, पाच मिनिटं राहा. नव्या पोरांना पुढून खाली वळलेले, पोपटाच्या चोचीसारखे बूट हवे असतात. स्पर्धेत तेच दिसतात. ओव्हरहँगवर ते खरंच काम करतात. पण ज्याला दिवसभर ड्यूक्स नोजवर एकेका टप्प्यावर उभं राहून दोर सोडायचाय, त्याला ते घालून संध्याकाळी पाय जमिनीला लावता येत नाहीत. काका सपाट बूट काढतात. मुलं हिरमुसतात. फार कमी जण ऐकतात, असा माझा अंदाज आहे.

ट्रेकच्या बुटांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्याची तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. माळ्यावर जपून ठेवलेले महागाचे बूट जूनमध्ये काढले, आणि पहिल्याच चढणीवर सोल सुटून मगरीसारखा जबडा उघडून बसला. कंपनीला शिव्या पडतात. पण मधल्या थरातलं पॉलियुरेथेन दमट हवेत आपोआप कुजतं. मुंबईच्या हवेत तर लवकरच. जपून ठेवल्यानेच ते गेलेले असतात. बूट वापरत राहावेत हा यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय. हेच दमट, खारट वारं सुळक्यांवरच्या बोल्टनाही खातं. चार महिने धो धो पाऊस, मग ऊन; साधा जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट बाहेरून तांबूस होतो आणि आत किती उरलाय ते कुणालाच कळत नाही. म्हणून बोल्ट मागायला आलेल्याला काका विचारतात, "किती वर्षांसाठी?" सराव म्हणून घरामागच्या दगडात ठोकायचे असतील तर गोष्ट वेगळी. सुळक्यावर ठोकलेला बोल्ट पुढची वीस वर्षं अनोळखी माणसं वापरणार असतात, तेव्हा तिथे स्टेनलेसच, नाहीतर ठोकू नका.

हे सगळं मॉलमध्ये मिळत नाही, असं म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. डेकॅथलॉनमध्ये सिमॉन्डचं सामान मिळतं. ती शामोनीची जुनी कंपनी, १८६०पासूनची. सुरुवातीला गुरांच्या गळ्यातल्या घंटा करायची, मग बर्फाच्या कुऱ्हाडी. सामान चोख, भाव वाजवी, बिल पक्कं. मी तिथून घेतो आणि इतरांनाही सांगतो. तिथला मुलगा नम्र असतो, पण उद्या तो सायकलींच्या विभागात असेल. त्याने मला नाही म्हणावं अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. ऑनलाइनचं आणखी वेगळं. तिथे दोराखाली पाच-पाच तारे दिलेले असतात, आणि अभिप्राय वाचले तर ते डिलिव्हरी वेळेवर आल्याबद्दल असतात. एकाने लिहिलं होतं की दोर फार मजबूत आहे, पाण्याची टाकी गच्चीवर चढवली. त्या टाकीबद्दल माझी काही हरकत नाही.

हल्ली दुकानात एक नवीनच प्रकार बघायला मिळतो. लोक दोर ऑनलाइन मागवतात, कारण तो हजार-दीड हजारांनी स्वस्त पडतो, आणि मग तो घेऊन काकांकडे येतात. "काका, जरा बघता का, बरोबर आहे ना?" काका बघतात. पट्टी वाचतात, वर्ष बघतात, दोर हातातून सरकवतात. अर्धा-पाऊण तास जातो. क्वचित कुणीतरी स्टॅटिक दोर लीडसाठी म्हणून आणलेला असतो, तो ते परत करायला लावतात. परत कसा करायचा तेही मोबाइलवर दाखवतात. बरोबर असेल तर मुलगा थँक्यू म्हणून जिना उतरतो. जाताना वीस रुपयांची दोरी घेतो, कधी तीही नाही.

मी एकदा न राहवून म्हटलं, "याचे पैसे घ्या की. तपासणी फी म्हणून बोर्ड लावा. डॉक्टर नाही का घेत?"

"लावून पाहिला होता," काका म्हणाले. "आठ दिवस कुणी आलंच नाही. म्हणजे तेवढे दोर तसेच गेले ना वर."

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काचा धुणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर धापा टाकत दारात आला. त्याला अकरा मिलिमीटरचा स्टॅटिक, दोनशे मीटर, दोन रिळं, आजच्या आज हवी होती. काकांनी टेबलावर तपासायला घेतलेला कुणाचा तरी दोर बाजूला सारला, बिलबुक पुढे ओढलं.

"जीएसटी नंबर सांगा. आणि जुनी रिळं किती वर्षांची झाली तुमची?"